चित्रासमोरची सतरा सेकंदं

औंधच्या यमाईच्या डोंगरावर जाणारा माणूस एकाच चढावर दोन तऱ्हेचं पाहणं करून येतो. वर मूळपीठावर देवीचं दर्शन असतं आणि वाटेत, डोंगराच्या चढावरच, श्री भवानी संग्रहालय लागतं. गर्दीच्या दिवशी देवीपुढे उभं राहायला मिळतात ती मोजकी काही सेकंदं. मागून रेटा असतो, पुजारी ‘चला, पुढं चला’ म्हणत असतो, तरीही माणूस बाहेर येतो तो ‘दर्शन चांगलं झालं’ असं म्हणत. संग्रहालयात याच माणसाला कुणी ढकलत नाही. एकेका चित्रासमोर तास तास उभं राहण्याची त्याला मुभा असते. तरी तो तिथंही तेवढीच काही सेकंदं थांबतो, पुढच्या चित्राकडे सरकतो आणि अर्ध्या तासात सगळी दालनं पालथी घालून बाहेर पडतो. त्याला पाहणारे आपण शहाणे लोक मग म्हणतो, ‘आपल्या लोकांना चित्रं बघता येत नाहीत.’ डोळे तेच, सेकंदंही जवळपास तेवढीच. एका ठिकाणी त्याला आपण दर्शन म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी उरकणं. हा फरक बघणाऱ्याच्या कुवतीत नाही, चित्राच्या दर्जातही नाही. त्या काही सेकंदांच्या आधी आणि नंतर काय असतं, यावर तो ठरतो, असं या लेखाचं म्हणणं आहे.

घाईचा हा दोष औंधच्या किंवा सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकाच्या माथी मारण्याआधी जगात काय दिसतं ते पाहायला हवं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी प्रेक्षक एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी निवडलेली चित्रं साधीसुधी नव्हती, संग्रहालयाच्या नावाजलेल्या कलाकृतींपैकीच होती. सरासरी वेळ निघाला सुमारे २७ सेकंदं. काही जण खूप वेळ रेंगाळतात आणि सरासरी वर ओढतात, म्हणून मधला आकडा पाहिला तर तो अवघा १७ सेकंदांचा होता. म्हणजे निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आत पुढे गेले, आणि या वेळात चित्राशेजारची पाटी वाचणंही आलं. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तोच अभ्यास पुन्हा झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आकडे फारसे वेगळे नव्हते, सरासरी २९ सेकंदांच्या आतच राहिली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत संग्रहालयांत, तिकीट काढून मुद्दाम आलेल्या माणसांची ही गत असेल, तर यमाईला नवस फेडायला आलेल्या आणि वाटेत संग्रहालयात डोकावलेल्या कुटुंबाकडून आपण कसली अपेक्षा करतो आहोत?

प्रेक्षकांना असं लपूनछपून न्याहाळण्याची परंपराही जुनी आहे. अमेरिकेत एडवर्ड रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली संग्रहालयातल्या माणसांच्या वागण्यावर पुस्तक लिहिलं. हातात स्टॉपवॉच घेऊन माणसांच्या मागे फिरणं ही त्याची पद्धत. त्याचा सहकारी आर्थर मेल्टन याने १९३५ साली दाखवून दिलं की दालनात शिरलेले बहुसंख्य लोक उजवीकडे वळतात, आणि बाहेर जाण्याचं दार दिसलं की पाय आपोआप तिकडे ओढले जातात. दाराच्या वाटेवर नसलेली चित्रं मग कितीही थोर असली तरी उपाशीच राहतात. त्याच्याही आधी, १९१६ साली, बॉस्टनच्या बेंजामिन गिलमन याने एक साधी गोष्ट केली. एका माणसाला कपाटांतल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, ताणावं, गुडघे टेकावे लागतात याचे फोटो काढले. ‘संग्रहालयाचा शीण’ ही कल्पना तिथून रुळली. फ्रान्समध्ये वेरों आणि लव्हास्यूर या दोघांनी १९८३ साली प्रेक्षकांच्या चार चाली सांगितल्या. भिंतीच्या कडेकडेने एकही वस्तू न चुकवता जाणारी मुंगी, इकडून तिकडे भिरभिरणारं फुलपाखरू, दालनाच्या मधून सरळ पोहत जाणारा मासा आणि आवडेल तिथेच उडी मारणारा नाकतोडा. या सगळ्यातून निघणारी गोष्ट एकच आहे. आपण ज्याला प्रेक्षकाची रसिकता किंवा अरसिकता म्हणतो, त्यातला बराच भाग त्याचे पाय, त्याची कंबर आणि दालनाची दारं ठरवतात.

आता देवळाकडे वळू. दर्शनाची सेकंदं थोडी असतात हे खरं, पण दर्शन तेवढ्यावर संपत नाही. घरून निघण्याआधी अंघोळ होते, नारळ घेतला जातो, चढ चढावा लागतो, चपला बाहेर काढाव्या लागतात, रांगेत उभं असताना लहान मुलाला देवीची गोष्ट सांगितली जाते, घंटा वाजवली जाते. गाभाऱ्यात पोहोचेपर्यंत माणूस पाहण्यासाठी पुरता तयार झालेला असतो. मग ती काही सेकंदं येतात. त्यानंतर प्रदक्षिणा असते, अंगारा असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देवळात दोन मिनिटं टेकायचं असतं. दर्शन घेऊन लगेच पाठ फिरवून चालू पडणं बरं दिसत नाही, असं घरातली म्हातारी माणसं सांगतात. या टेकण्यात पाहिलेलं मनात उतरतं. म्हणजे दर्शनाला तीन पायऱ्या आहेत: तयारी, पाहणं आणि टेकणं. आपल्या बहुतेक कलादालनांत यातली फक्त मधली पायरी ठेवलेली असते. ना आधी काही सांगितलं जातं, ना नंतर बसायला जागा असते. पहिली आणि तिसरी पायरी काढून टाकल्यावर मधल्या पायरीवर माणूस ठेचकाळला, तर त्याच्या पायांना दोष देण्यात अर्थ नाही.

तयारी असली की काही सेकंदं किती पुरतात, हे साताऱ्यानं अलीकडेच दाखवून दिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ पासून सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. नुसती वस्तू म्हणून पाहिली तर ती तळहाताएवढी आहे. पोलादाची छोटी पट्टी, तिला वळलेली चार नखं आणि बोटं अडकवायला दोन कड्या. कारागिरीचा म्हणावा तसा थाट नाही, नक्षी नाही, रंग नाही. काचेमागच्या या वस्तूसमोर रांगेतल्या माणसाला मिळणार ती थोडकी सेकंदंच. तरी तिथून हिरमुसून परतायचं कारण नव्हतं, कारण १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडचा प्रसंग शाळेच्या पुस्तकातून, पोवाड्यातून, दिवाळीच्या किल्ल्यातून प्रत्येकाच्या मनात आधीच उभा होता. साताऱ्यातल्या माणसाला तर प्रतापगड स्वतःच्याच जिल्ह्यातला. डोळे वस्तूवर पडतात आणि बाकीचं चित्र मन पुरं करतं. याला एक ताठर आक्षेप आहे आणि तो नाकारून चालणार नाही. हीच ती वाघनखं, याचा पुरावा देता येत नाही असं खुद्द लंडनच्या संग्रहालयानं म्हटलेलं आहे. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला ती मिळाली आणि पुढे त्याच्या वंशजांकडून संग्रहालयाकडे गेली, एवढी वाट सांगता येते. मग लोकांनी पाहिलं ते काय, वस्तू की गोष्ट? उत्तर असं की दोन्ही, आणि म्हणूनच संग्रहालयाची जबाबदारी वाढते. तयारी एवढी ताकदवान असते की ती पाहण्याला दिशाही देते आणि कधी डोळ्यांवर पडदाही ओढते. शंका असेल तर ती पाटीवर सांगणं, हाही तयारीचाच भाग आहे.

औंधचं संग्रहालय उभं करणाऱ्या माणसाला हे पुरेपूर ठाऊक असावं, असं त्याच्या उद्योगांवरून वाटतं. भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे संस्थानिक. आज लोकांना ते सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आठवतात, पण ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायण चित्रांतून मांडलं आणि ते १९१६ साली पुस्तकरूपानं निघालं. अजिंठ्यावरही त्यांनी लिहिलं. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि या सगळ्याच्या जोडीला ते कीर्तनकार होते. राजा कीर्तनाला उभा राहतो ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. कीर्तनकाराला माहीत असतं की श्रोता आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो. आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. आधी विषय समजावायचा आणि मगच आख्यानाला हात घालायचा. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारलं तेव्हा औंध हे विखुरलेलं छोटंसं संस्थान होतं. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी आणि कुंडल हे भाग तेव्हा औंधचे. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली जागा मिळाली ती याच राजाकडून, आणि त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. गंमत अशी की लक्ष्मणरावांनी तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचा अभ्यास आरंभला होता, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकार होण्याचा बेत सोडावा लागला. अशा मुलखात, रेल्वेच्या गावापासून आणि मोठ्या शहरापासून दूर, राजाने रविवर्म्याची तैलचित्रं, इथल्या चित्रकारांची कामं, लघुचित्रं, हस्तिदंती वस्तू आणि हेन्री मूरचं एक शिल्प एका छताखाली आणलं. ते ठेवलं कुठं, तर देवीच्या वाटेवर, जिथे माणसं कशीही येणारच होती.

हे माणसांच्या पायवाटेवर चित्र आणून ठेवणं आपल्याकडे नवं नव्हतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करत आले आहेत. चित्रांच्या सुट्या पानांची पोथी असते, एकेक पान प्रेक्षकांसमोर धरलं जातं आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीनं त्या पानावरचा प्रसंग गाऊन सांगितला जातो. इथं चित्र मुकं नसतं आणि बघणारा एकटा नसतो. पान किती वेळ पाहायचं ते सांगणारा ठरवतो. गोष्ट पुढे गेली की पान पुढे जातं. पांढऱ्या भिंतीवर हातभर अंतर सोडून टांगलेलं, शेजारी चित्रकाराचं नाव आणि साल एवढंच लिहिलेलं चित्र आणि त्यापुढे गप्प उभा एकटा माणूस, ही मांडणी युरोपातून आली आणि तिथंही ती फार जुनी नाही. ती वाईट आहे असं नाही. पण ती पाहण्याची एकमेव रीत आहे असं समजून आपण इथल्या माणसाला नापास करतो, तेव्हा परीक्षा एका भाषेत आणि शिकवणी दुसऱ्या भाषेत अशी गत होते. दालनात आलेलं कुटुंब चित्रासमोर बोलायला लागतं, आजी नातवाला ‘ही दमयंती, हा हंस’ असं बोट करून सांगते, आणि आपल्याला वाटतं की गोंगाट चालला आहे. खरं तर ती आजी तेवढ्यापुरती चित्रकथी झालेली असते.

रविवर्म्याच्या चित्रांपुढे हे विशेष दिसतं आणि त्यामागे इतिहास आहे. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि तिथून छापून निघालेली लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम ही चित्रं घराघरांत पोहोचली. देव्हाऱ्यात, दुकानाच्या गल्ल्यावर, दिवाणखान्यात ती चौकटीत बसली, त्यांना कुंकू लागलं, हार पडले. सांगलीतल्या हळदीच्या पेठेतला व्यापारी असो की माणच्या दुष्काळी पट्ट्यातला मेंढपाळ, कॅलेंडरवरच्या देवीचा चेहरा दोघांनाही रविवर्म्याच्या वळणाचाच ओळखीचा. असा माणूस रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रापुढे येतो तेव्हा तो नवं काही पाहत नाही, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा थबकतो. एखादा हात जोडतो. कलासमीक्षकाला हे खटकतं. तो म्हणतो की हे कलेचं पाहणं नव्हे, गोष्ट ओळखली म्हणून झालेला आनंद आहे. रंगाचा लेप, प्रकाशाची दिशा, शरीराचा तोल, यांकडे कोण बघतं आहे?

हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. गोष्ट ओळखली की बऱ्याचदा पाहणं थांबतं. ‘ही सीता’ असं म्हटलं की डोळ्यांचं काम संपलं असं मनाला वाटतं. पण यावरचा उपाय गोष्ट काढून टाकणं हा नाही. गोष्ट हे दार आहे. दारात अडकून पडलेल्या माणसाला आत बोलवायचं असतं, दार बंद करायचं नसतं. ज्या आजीला दमयंती ठाऊक आहे, तिला नऊवारी नेसण्याचा आणि लुगड्याच्या पोताचा आयुष्यभराचा अनुभव आहे. तिला नुसतं एवढं विचारलं की ‘या लुगड्याचा पदर रेशमी वाटतो की सुती, आणि तसं कशावरून वाटतं?’, तर ती रविवर्म्याच्या कुंचल्यावर असं काही बोलेल की विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावं. रेशमाची चकाकी म्हणजे तेलरंगात पांढऱ्याचा नेमका कुठे आणि किती फटकारा, हे तिला त्या नावाने सांगता येणार नाही, पण दिसेल नक्की. आपल्या पाट्या तिला हा प्रश्न विचारत नाहीत. त्या तिला चित्रकाराचा जन्म आणि मृत्यू सांगतात, आणि चित्र ‘कॅनव्हासवर तैलरंग’ आहे हे सांगतात. म्हणजे जे तिला नको आहे ते देतात आणि जे तिच्याकडे आहे ते मागत नाहीत.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. गोष्टीची चित्रं ठीक, पण आधुनिक कलेचं काय? तिथं ना दमयंती असते ना हंस. औंधमध्येच याची कसोटी लागते, कारण हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प तिथं आहे. मूर हा विसाव्या शतकातल्या मोठ्या शिल्पकारांपैकी एक. तो दगडात माणसाचं हुबेहूब रूप कोरत बसत नाही, नाकाडोळ्यांचे तपशील गाळतो, देह गोलाईत आणि फुगवट्यांत उतरवतो. अशा शिल्पासमोर ‘हे काय?’ असं विचारून पुढे जाणारा प्रेक्षक पाहिला की, आपल्या खेड्यापाड्यातल्या लोकांना असलं काही कळायचं नाही, असा निकाल सहज दिला जातो. तो निकाल साफ चुकीचा आहे आणि त्याचा पुरावा त्याच मुलखाच्या बांधाबांधावर उभा आहे. शेताच्या कडेला शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. गावच्या मरीआईचा, कुठल्याशा तुकाईचा तांदळा असतो, म्हणजे घडवलेली मूर्ती नव्हेच, नुसता दगड. त्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईला कधी ‘हे काय?’ असा प्रश्न पडत नाही. तिला त्या दगडात आई दिसते. चेहरा नसलेल्या दगडात आई पाहण्याची ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, त्याला मूर कळणार नाही असं म्हणायला आपण कोण? अमूर्त रूपाशी त्याचं वैर नाही. त्याला वाट दाखवणारं कुणी भेटलेलं नाही, इतकंच.

ती वाट फार लांबची नसते. मूर हा इंग्लंडमधल्या खाणकामगाराचा मुलगा. लहानपणी आईची पाठ संधिवातानं दुखायची आणि तिला मलम चोळून द्यायचं काम त्याच्याकडे असे. आई-मूल हा विषय त्यानं आयुष्यभर सोडला नाही, आणि त्याच्या शिल्पांतल्या स्त्रियांच्या रुंद, भक्कम पाठी पाहताना ती चोळलेली पाठ आठवल्याशिवाय राहत नाही. एवढ्या दोन-तीन ओळी मराठीत शिल्पाशेजारी लिहिल्या तर काय होईल? आईचे गुडघे चेपून दिलेला, तिच्या पाठीला तेल लावलेला माणूस साताऱ्यात घरोघरी आहे. तो शिल्पाच्या समोर थांबणार नाही, वळसा घालून मागे जाईल. त्याला पाठ बघायची असेल. शिल्प चहूबाजूंनी पाहायचं असतं हे कलाशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात, प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाला ते अंगवळणी आहे. फक्त शिल्प भिंतीला खेटून ठेवलेलं नसावं.

चांगला प्रेक्षक घडवता येतो, हे सांगलीला वेगळं सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा मराठी नाटक नावाची वस्तूच लोकांना अनोळखी होती. आज सांगली नाट्यपंढरी म्हणवते, पण त्या पहिल्या प्रेक्षकाला नाटक कसं बघायचं ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. भाव्यांनी यावर काय केलं? त्यांच्या नाटकांत सूत्रधार सगळा वेळ रंगमंचावर असे. तो पदं गाऊन कथा पुढे नेई, कोण आलं आणि काय घडतं आहे ते सांगे, आणि पात्रं त्याप्रमाणे बोलत. प्रेक्षक तरबेज होत गेला तसतसं सूत्रधाराचं काम कमी होत गेलं आणि पुढे नाटक आपल्या पायांवर उभं राहिलं. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १८९९ साली ‘संगीत शारदा’ घेऊन आले, तोवर पन्नासेक वर्षांत याच मुलखातला प्रेक्षक एका सामाजिक प्रश्नावरचं नाटक समजून घेण्याइतका, त्यावर रडण्याइतका आणि भांडण्याइतका पुढे गेला होता. चित्रकलेच्या वाट्याला असा सूत्रधार आलाच नाही. चित्रं आली, दालनं आली, आणि प्रेक्षकानं आपलं आपण शिकावं असं गृहीत धरलं गेलं.

मोबाइलचं काय, असा प्रश्न इथं कुणीही विचारील. चित्राकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढणारा माणूस कुठल्या तयारीनं सुधारणार? या बाबतीत संताप करण्याआधी एक प्रयोग लक्षात घ्यावा. अमेरिकेत लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवत होत्या. २०१४ साली छापून आलेला हा निष्कर्ष मोबाइलच्या विरोधात सगळे जण सांगतात. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र कुणी सांगत नाही. ज्या वस्तूंच्या एखाद्या तपशिलावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण कमी झाली नाही. म्हणजे दोष यंत्रात नाही, काय शोधायचं ते ठरलेलं नसण्यात आहे. ‘फोटो काढू नये’ या पाटीऐवजी ‘या चित्रातला तुम्हाला सगळ्यात जिवंत वाटलेला हात कोणता, त्याचाच फोटो काढा’ अशी पाटी लावली, तर तोच मोबाइल भिंगाचं काम करील. जिथे फोटोला बंदी आहे तिथे हेच पेन्सिलीनं करता येईल.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे. प्रेक्षकांवर नजर ठेवा, सेकंदं मोजा, त्यांना काय हवं ते द्या, हे सगळं मॉलच्या दुकानदारीसारखं झालं, अशानं संग्रहालयात उद्या फक्त गर्दी खेचणाऱ्याच वस्तू उरतील, अशी भीती कलावंतांना वाटते. ती रास्त आहे. पण पाहण्याचा हेतू बदलला की पाहण्याचा अर्थ बदलतो. दुकानदार गिऱ्हाईक कुठं थांबतं ते पाहतो, शिक्षक मूल कुठं अडखळतं ते पाहतो. मूरपुढे लोक थांबत नाहीत असं दिसलं तर दुकानदार मूरला तळघरात टाकील, शिक्षक मूरशेजारी बाक ठेवील. फ्रान्समध्ये पिअर बूर्द्यू आणि अलाँ दार्बेल यांनी १९६६ साली युरोपातल्या संग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. दिशादर्शक बाण, माहितीच्या पाट्या, वाटाड्या, या गोष्टी हव्यात असं कमी शिकलेले प्रेक्षक आवर्जून म्हणत होते. त्या नकोत असं म्हणणारे बहुधा तेच होते ज्यांची तयारी घरात आणि शाळेत आधीच होऊन चुकली होती. ‘कलाकृतीला बोलू द्या, पाट्यांची लुडबुड नको’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं. ज्याच्याशी कलाकृती आधीपासून बोलते आहे, त्याचंच ते वाक्य असतं.

मग करायचं काय, तर फार खर्चाचं काही नाही. सहलीला आलेल्या पन्नास मुलांना रांगेनं साऱ्या दालनांतून पळवण्याऐवजी बसमध्येच एका चित्राची गोष्ट सांगावी, आत नेऊन त्या एकाच चित्रापुढे पाच मिनिटं जमिनीवर बसवावं, आणि मग बाकीचं त्यांना फुलपाखरासारखं हिंडू द्यावं. चढ चढून आलेल्या माणसाला दालनात टेकायला बाक असावा, दाराजवळ नव्हे तर चित्रासमोर. पाट्या उभ्याने वाचता येतील एवढ्या उंचीवर आणि आपल्या मराठीत असाव्यात, त्यांत एक प्रश्न असावा. आणि प्रेक्षक कुठे थांबतात, कुठे बोलतात, काय विचारतात याची नोंद रोज व्हावी. त्यासाठी संशोधक आणायची गरज नाही. प्रत्येक संग्रहालयात एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच पाहत असतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला शिपाई. बहुतेक दालनांत ती एकच खुर्ची असते. कुठल्या चित्रापुढे बायका रेंगाळतात, कुठल्या मूर्तीला मुलं हात लावतात आणि कुठून सगळे न बघता पुढे जातात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, पण ते त्याला कुणी विचारत नाही. त्याला बोलायला आपण एकच वाक्य दिलं आहे, ‘हात लावू नका.’ त्याला दुसरं वाक्य द्यायला हवं, ‘बसा जरा, ही गोष्ट ठाऊक आहे का?’ हे म्हणायला शेजारी आणखी एक खुर्ची लागेल. सतरा सेकंदांचा प्रश्न सुटायला सुरुवात तिथून होऊ शकते.